‘थांब’ म्हटल्यावर थांबणे: बीडीएसएममधली संमती आणि आपली भाषा

रानजाई:

हा धागा प्रौढ वाचकांसाठी आहे. यात शरीरसंबंधांची वर्णने नाहीत, पण विषय त्याच दालनातला आहे, हे आधीच सांगून ठेवते.

माझ्या लग्नाला ११ वर्षे झाली. गेली ४ वर्षे मी आणि माझा नवरा, दोघांच्याही इच्छेने, आमच्या खाजगी आयुष्यात बांधणे, हुकूम देणे आणि तो पाळणे, झेपेल इतकी वेदना देणे आणि घेणे, असे खेळ खेळतो. याला बीडीएसएम किंवा सैलपणे किंक म्हणतात. ‘खेळ’ हा शब्द मी विचार करून वापरते आहे, कारण खेळाला नियम असतात, मैदानाला हद्द असते, आणि ज्याच्यावर राज्य आले आहे तोही खेळातला भिडूच असतो.

लिहायला कारण झाली ती गेल्या पावसाळ्यातली एक रात्र. आम्ही सुरुवातीलाच एक सेफवर्ड ठरवला होता: ‘पानशेत’. मी ‘नको’, ‘सोड’, ‘थांब’ असे काहीही म्हटले तरी ते खेळातले समजायचे, आणि ‘पानशेत’ म्हटले की त्याच क्षणी सगळे बंद, असा नियम होता. अशा वेळी हा शब्द चुकूनही तोंडात येणार नाही, म्हणून तो निवडला होता. त्या रात्री माझे हात ओढणीने पलंगाला बांधलेले होते. थोड्या वेळाने उजव्या अंगठ्याची मागची बाजू बधिर व्हायला लागली आणि खांद्यातून कळ आली. मला थांबायचे होते, आणि मला शब्दच आठवेना. धरण, फुटलेला बांध, १९६१ सालचा पूर, आजीने सांगितलेले लकडी पुलाचे वर्णन, हे सगळे डोळ्यांसमोर येत होते, पण नाव येत नव्हते. मी ‘थांब, थांब ना रे’ म्हणाले. त्याला तो खेळ वाटला. मी रडायला लागले तेव्हा त्याने दिवा लावला. ओढणीची गाठ इतकी आवळली होती की ती नखांनी सुटेना, आणि शेवटी स्वयंपाकघरातून कात्री आणावी लागली. या सगळ्यात फार तर २ मिनिटे गेली असतील. अंगठ्यामागची जागा मात्र पुढे ३ आठवडे बधिर होती.

त्याने मला फसवले नव्हते, ठरलेला नियम दोघांनीही पाळला होता, आणि तरीही माझ्या इच्छेविरुद्ध घडले. त्यावर आम्ही पुढे कितीतरी रात्री बोललो. बोलताना माझ्या लक्षात आले की आमची ठरवाठरवी सगळी इंग्रजीत झाली होती. ‘लिमिट’ (आपली हद्द), ‘चेक-इन’ (मध्येच थांबून ‘ठीक ना?’ विचारणे), ‘आफ्टरकेअर’ (खेळानंतर घेतलेली काळजी) हे शब्द आम्ही जालावर वाचून उचलले होते आणि ते बोलायला सोपे जात होते, कारण त्यांना आमच्या घराचा वास नव्हता. कळवळताना मात्र मी मराठीत कळवळते. माझे म्हणणे एवढेच आहे की ज्या भाषेत माणूस कळवळतो, त्याच भाषेत संमतीची बोलणी झाली पाहिजेत. तुम्ही हे कसे करता, हे मला समजून घ्यायचे आहे.

ताडपत्र:

रानजाई, तुमचा अनुभव वाचताना मला कामसूत्रातला दुसऱ्या अधिकरणाचा सातवा अध्याय आठवला. मी संस्कृत शिकवत असे, म्हणून हे संदर्भ मनात असतात. त्या अध्यायात वात्स्यायन प्रहणन आणि सीत्कृत, म्हणजे प्रणयातले प्रहार आणि त्यावर उमटणारे आवाज, यांची चर्चा करतो. त्या आवाजांच्या यादीत त्याने आईला हाक मारणारे शब्द, अडवणारे शब्द, ‘सोड’ या अर्थाचे शब्द आणि ‘पुरे’ या अर्थाचे शब्द घातले आहेत. म्हणजे तुमचे ‘आई गं’, ‘नको’, ‘सोड’ आणि ‘पुरे’ हे चारही त्याने प्रणयाचे उद्गार म्हणून नोंदवून ठेवले आहेत. मग एखादीला खरोखरच ‘पुरे’ म्हणायचे असेल तर तिने काय म्हणावे, याची सोय त्या अध्यायात मला कुठे सापडली नाही.

त्याच अध्यायात पुढे जे येते ते आपल्या भागाशी जोडलेले आहे. कीला, कर्तरी, विद्धा आणि संदंशिका हे जबर प्रहार दाक्षिणात्यांची चाल म्हणून सांगून वात्स्यायन त्यांना आपली नापसंती नोंदवतो, आणि जिथे ही चाल रूढ आहे तिथेसुद्धा जे जिवावर बेतेल ते टाळावे असे स्पष्ट म्हणतो. लगेच तो ३ दाखले देतो: चोल राजाच्या प्रहाराने चित्रसेना नावाची गणिका मेली, कुंतलाच्या शातकर्णी सातवाहनाच्या प्रहाराने त्याची महाराणी मलयवती मेली, आणि हाताने अधू असलेल्या नरदेवाच्या चुकलेल्या प्रहाराने एका नटीचा डोळा गेला. सातवाहनांची राजधानी म्हणजे आपले पैठण. भरधाव घोड्याला वेगाच्या भरात वाटेतला खुंट किंवा खड्डा दिसत नाही, तसे रागाने, म्हणजे आसक्तीने, आंधळ्या झालेल्या दोघांचे होते, असेही तो लिहितो. मलयवती त्या वेळी काय म्हणाली होती, हे मात्र त्याने लिहिलेले नाही, आणि हा अध्याय शिकवताना माझे मन दर वेळी तिथेच अडत असे.

नाडीपरीक्षा:

मी अस्थिरोग विभागात काम करणारी डॉक्टर आहे, म्हणून फक्त शरीराबद्दल लिहिते.

रानजाई, तुमच्या अंगठ्यामागची जागा बधिर झाली त्याचे कारण असे की मनगटाजवळ, अंगठ्याच्या बाजूला, एक संवेदना वाहणारी नस कातडीच्या अगदी लगत असते. घट्ट बेड्या घातलेल्या माणसांमध्ये आणि घड्याळाचा पट्टा फार आवळून बांधणाऱ्यांमध्येही हाच त्रास दिसतो. तुमची जागा ३ आठवड्यांत पूर्ववत झाली, हे नशीब. दंडाच्या बाहेरच्या बाजूने जाणारी मोठी नस दाबली गेली तर मनगट लुळे पडते, हात वर उचलला तरी पंजा खाली लोंबतो, आणि ते सुधारायला कित्येक महिने लागू शकतात. दर वेळी आधी मुंग्या येऊन इशारा मिळेलच असे नाही, त्यामुळे ‘दुखले तर सांगेन’ एवढ्यावर विसंबू नये. बांधणाऱ्याने थोड्या थोड्या वेळाने स्वतःची दोन बोटे समोरच्याच्या मुठीत देऊन ‘दाब’ म्हणावे, आणि मग ‘मनगट मागे वळव’ म्हणावे. जोर कमी लागला तर कारण शोधत बसू नये, आधी सोडवावे.

ओढणी, स्टोल आणि रेशमी कापड दिसायला मऊ असते, पण ताण पडल्यावर त्याची गाठ दगडासारखी होते. बोथट टोकाची बँडेज कापायची कात्री कोणत्याही औषधांच्या दुकानात मिळते. ती स्वयंपाकघरात नको, हाताशी असावी.

गळ्याबद्दल माझे मत अजिबात मवाळ नाही. मानेच्या बाजूच्या रक्तवाहिन्या दाबल्या की काही सेकंदांत शुद्ध हरपते, आणि शुद्ध हरपलेला माणूस कोणताही शब्द उच्चारू शकत नाही. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा झाली तर काही तासांनी किंवा दिवसांनी पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. हलक्या हाताने केले तर चालते, असा याचा कोणताही सुरक्षित प्रकार नाही. दारू प्यायल्यावरही हे खेळ खेळू नयेत, कारण वेदना कळणे आणि ‘नको’ सुचणे या दोन्ही गोष्टी तेव्हा उशिरा होतात.

आणखी एक गोष्ट, कारण रुग्ण मला चाचरत विचारतात: हा मनाचा आजार आहे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, प्रौढांमधल्या परस्परसंमतीच्या अशा आवडीला आजार म्हणून स्थान उरलेले नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या सूचीमध्येही २०१३ पासून वेगळी आवड आणि त्रासदायक विकार यांत फरक केलेला आहे.

सुईदोरा:

मी एका जिल्ह्याच्या गावी कौटुंबिक समुपदेशनाचे काम करते, आणि हा धागा वाचताना मला अस्वस्थ वाटते आहे, हे लपवत नाही. माझ्याकडे आलेल्या एका बाईचा नवरा तिला मोबाइलवर चित्रफिती दाखवायचा आणि ‘आता सगळीकडे हे चालते, तूच गावंढळ आहेस’ असे म्हणायचा. तिने एकदाही ‘नाही’ म्हटले नव्हते. कारण पहिल्यांदा नुसती मान हलवली तेव्हा ताट भिरकावले गेले होते, आणि दुसऱ्या दिवशी ‘तुमच्या मुलीला संसार करता येत नाही’ म्हणून तिच्या माहेरी फोन गेला होता. तिचा नवरा आमच्यासमोर बसून म्हणाला, ‘ती कधी नाही म्हणाली का, विचारा तिला.’ आम्ही विचारले, आणि ती खाली बघत ‘नाही’ म्हणाली.

रानजाई, मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही. पण तिच्या दंडावरचा वळ आणि तुमच्या दंडावरचा वळ माझ्यासमोर आला, तर मी फरक कशावरून करायचा? मुलीला लहानपणापासून ‘नाही म्हणू नये, मोठ्यांना उलट बोलू नये’ असे शिकवले जाते, आणि मग लग्नानंतर तिच्या गप्प राहण्याला संमती म्हटले जाते. त्यावर हे नवे इंग्रजी शब्द येऊन बसले तर मारणाऱ्यालाच आणखी एक ढाल मिळेल, अशी मला भीती वाटते.

रानजाई:

सुईदोरा, तुमची भीती खरी आहे आणि तिला मी शेवटपर्यंत उत्तर देऊ शकेन असे मला वाटत नाही. वळावरून फरक कळत नाही. माझ्या मते तो एका प्रश्नावरून कळतो: ‘नाही’ म्हटल्यावर तिला काय मोजावे लागते? माझे वडील आजारी होते तेव्हा सलग ५ महिने मी या सगळ्याला नाही म्हटले होते. त्या ५ महिन्यांत आमच्या घरात कोणाचा आवाज चढला नाही, कोणी रुसून बसले नाही, आणि ‘आता तरी?’ असेही कोणी विचारले नाही. मी कमावते, घर दोघांच्या नावावर आहे, माझ्या बहिणीचे घर २ गल्ल्या सोडून आहे, आणि तिला हे सगळे माहीत आहे. हे नसते तर माझ्या ‘हो’ची किंमत किती राहिली असती, याचा विचार मी अनेकदा केला आहे. ज्या बाईला रात्री दार उघडून बाहेर पडता येत नाही, तिच्या होकारावर मी विसंबणार नाही, मग तो होकार कोणत्याही भाषेत असो.

सतत मागे लागून मिळवलेला होकारही मी होकार धरत नाही. आमच्याकडे नवी गोष्ट सुचवायची असेल तर ती दिवसा, कपडे घालून, जेवणाच्या टेबलावर सुचवायची, आणि उत्तर त्या दिवशी मागायचे नाही, असे ठरले आहे. खेळ सुरू असताना तर ठरल्याहून जास्त काहीही वाढवायचे नाही. त्या वेळी माणूस एका वेगळ्या तंद्रीत असतो, कशालाही ‘हो’ म्हणून बसतो, आणि सकाळी त्या ‘हो’ची आठवण काट्यासारखी बोचते.

सुईदोरा:

‘काय मोजावे लागते’ हा प्रश्न मीही विचारते, पण माझ्याकडे येणाऱ्या बायकांना तो तसा विचारून उत्तर मिळत नाही. मी विचारते, ‘तू नाही म्हणालीस, तर दुसऱ्या दिवशी सकाळी चहा कोण करतो, आणि तो पितो का?’ यावर त्या बोलायला लागतात. तुमचे उत्तर मला पटले, पण माझी शंका पूर्ण गेलेली नाही.

कलमदान:

मी वकिली करते. कायद्याबद्दल इथे गैरसमज होऊ नयेत म्हणून लिहिते आहे, मात्र हा कोणाच्या प्रकरणात दिलेला सल्ला समजू नये.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये, २०१३ च्या दुरुस्तीतून आलेली संमतीची व्याख्या कायम आहे. स्त्रीने शब्दांनी, हावभावांनी किंवा इतर कोणत्याही प्रकारे, त्या विशिष्ट लैंगिक कृतीसाठी, स्वेच्छेने आणि निःसंदिग्धपणे दर्शवलेली तयारी म्हणजे संमती, आणि तिने अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून ती संमत होती असे धरता येत नाही. ‘त्या विशिष्ट कृतीसाठी’ हे शब्द या धाग्याच्या दृष्टीने मोलाचे आहेत, कारण एका गोष्टीला दिलेला होकार दुसऱ्या गोष्टीला लागू होत नाही. भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती ही संमतीच नव्हे, असे कलम २८ सांगते. सुईदोरा यांनी सांगितलेल्या बाईच्या बाबतीत मात्र कायद्याचा हात आखडतो, कारण १८ वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेल्या लैंगिक कृतीला याच कलम ६३ मधून वगळलेले आहे. तिला २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा उपलब्ध आहे, आणि त्यात लैंगिक छळाचा स्पष्ट समावेश आहे. दुसरीकडे जुन्या दंडसंहितेतल्या, ‘अनैसर्गिक’ संबंधांबद्दलच्या कलम ३७७ ची जागा नव्या संहितेत रिकामीच राहिल्यामुळे, प्रौढ पुरुषावर बळजबरी झाली तर त्याच्यासाठी त्या तोडीचे कलम आज नाही.

वेदनेच्या संमतीबद्दल कलम २५ आहे. मृत्यू किंवा जबर दुखापत व्हावी असा हेतू नसेल, तशी शक्यताही ठाऊक नसेल, तर १८ वर्षांवरील व्यक्तीने संमतीने सोसलेली इजा गुन्हा ठरत नाही. यासाठी १८६० च्या दंडसंहितेपासून चालत आलेले उदाहरण करमणुकीसाठी तलवारबाजी करणाऱ्या दोघांचे आहे: दगाबाजी न करता खेळताना जे लागेल ते सोसायला दोघे तयार आहेत, असे कायदा धरून चालतो. पण हाड मोडले, सांधा निखळला, किंवा १५ दिवस तीव्र वेदना राहिल्या, तर ती कलम ११६ प्रमाणे जबर दुखापत होते, आणि अशी दुखापत करण्याचा हेतू असेल किंवा तिची शक्यता ठाऊक असेल, तर संमतीचा हा आधार संपतो. काही जोडपी कागदावर ‘करार’ लिहून सह्या करतात. एकमेकांना समजून घेण्यासाठी तो कागद चांगला आहे, पण कोर्टात तो ढाल म्हणून चालणार नाही, आणि सही केलेल्या माणसाचा मन बदलण्याचा हक्कही त्याने जात नाही.

चांदणचुरा:

मी बेंगळुरूत एकटी राहते, त्यामुळे माझा प्रश्न नवऱ्याचा नसून जालावर ओळख झालेल्या माणसाचा असतो. पहिली भेट दिवसा आणि गर्दीच्या हॉटेलात, पुढच्या भेटीआधी मैत्रिणीला पत्ता आणि ठरलेल्या वेळी तिचा फोन, आणि फोटो अजिबात नाहीत, एवढे मी पाळते. जो माणूस माझ्या सेफवर्डची चौकशी करण्याआधी ‘मी फार अनुभवी आहे’ असे सांगतो, त्याला मी दुसऱ्यांदा भेटत नाही. कलमदान, फोटो काढू दिला आणि त्याने तो पसरवला तर काय होते, हे सांगाल का?

कलमदान:

न्याय संहितेचे कलम ७७ पाहा. फोटो काढायला संमती होती पण तो इतरांना दाखवायला नव्हती, अशा स्थितीत तो पसरवणे हा गुन्हा आहे, असे त्याच्या स्पष्टीकरणातच लिहिलेले आहे. ‘तिनेच काढू दिला’ हा बचाव तिथे चालत नाही.

टेम्सकाठ:

मी २० वर्षे इंग्लंडमध्ये आहे, म्हणून इथल्या एका खटल्याबद्दल लिहितो, कारण कलमदान यांनी सांगितलेली रेषा इथे वेगळ्या ठिकाणी ओढली गेली. १९८७ साली पोलिसांच्या हाती एक व्हिडिओ टेप लागली. तीत दिसणाऱ्या पुरुषांचा छळ होतो आहे, कोणाचा खूनही झाला असावा, असे त्यांना वाटले आणि ‘ऑपरेशन स्पॅनर’ नावाची मोठी चौकशी सुरू झाली. प्रत्यक्षात ते सगळे प्रौढ समलिंगी पुरुष होते, सगळे स्वेच्छेने सहभागी होते, आणि त्यांच्यापैकी कोणीही तक्रार केलेली नव्हती. तरीही १९९० च्या डिसेंबरमध्ये त्यांना शिक्षा झाल्या. ११ मार्च १९९३ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे इथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ३ विरुद्ध २ मतांनी त्यांना दोषी ठरवणारा निकाल कायम केला, आणि १९ फेब्रुवारी १९९७ रोजी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयानेही त्यांच्या विरोधात निकाल दिला. दरम्यान एका नवऱ्याने बायकोच्या सांगण्यावरून तिच्या अंगावर तापलेल्या सुरीने स्वतःची आद्याक्षरे उमटवली होती, आणि १९९६ मध्ये त्याला अपील न्यायालयाने निर्दोष सोडले. पती-पत्नीच्या खाजगी आयुष्यात कोर्टाने पडू नये, असे तेव्हा म्हटले गेले. हे दोन निकाल शेजारी ठेवले की मला आजही राग येतो.

पण सुईदोरा यांचे लिहिणे वाचून दुसरी बाजूही मांडली पाहिजे. इथे बायकांना ठार मारणाऱ्या पुरुषांनी ‘तिलाच ते हवे होते’ असा बचाव वारंवार घेतला, आणि मेलेली बाई उत्तर द्यायला येऊ शकत नव्हती. त्यामुळे २०२१ च्या कौटुंबिक अत्याचार कायद्यात कलम ७१ घालून, लैंगिक सुखासाठी केलेल्या गंभीर इजेला संमतीचा बचाव चालणार नाही, हे स्पष्ट लिहावे लागले. ताडपत्र यांनी सांगितलेल्या मलयवतीची आठवण मला इथे झाली.

रानजाई यांनी विचारलेल्या शब्दांबद्दल थोडे. ‘सुरक्षित, शहाणपणाचे आणि संमतीचे’ ही त्रिसूत्री १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या जीएमएसएमए या संघटनेत डेव्हिड स्टाइन यांनी लिहिली. १९९९ मध्ये गॅरी स्विच यांनी ‘जोखीम ओळखून, संमतीने’ अशी वेगळी मांडणी केली, कारण पूर्णपणे सुरक्षित असे काहीच नसते आणि शहाणपण कोणाचे खरे, हे कोणी ठरवायचे, असा त्यांचा आक्षेप होता. मला दुसरी मांडणी अधिक प्रामाणिक वाटते. गाठ आवळते, नस दाबली जाते, शब्द विसरला जातो, हे आधीच मान्य केले तर माणूस कात्री जवळ ठेवतो.

खंबाटकी:

मी पुरुष आहे, आणि मला शरण जाण्याची बाजू आवडते, हे वाक्य मराठीत लिहायला मला वयाची ४१ वर्षे लागली. बायकोला मी हे पुण्याहून साताऱ्याला जाताना गाडी चालवताना सांगितले. समोर रस्ता असतो, एकमेकांच्या तोंडाकडे बघावे लागत नाही, म्हणून ती वेळ निवडली होती. शिरवळला सुरुवात केली आणि घाट चढून जाईपर्यंत मी एकटाच बोलत होतो. ती बराच वेळ गप्प होती. वाईच्या फाट्याजवळ तिने चहासाठी गाडी थांबवायला सांगितली, आणि कप हातात धरून म्हणाली, ‘तू सांगितलंस ते बरं केलंस. पण मला हे जमणार नाही. तुला दुखवायचं खोटं खोटंसुद्धा मला नको आहे.’

मला वाईट वाटले, ते खरे आहे. पण त्याहून जास्त सुटल्यासारखे वाटले, कारण तिने मला किळसवाणे मानले नाही आणि माझ्यासाठी नाइलाजाने ‘हो’ही म्हटले नाही. त्याला आता ३ वर्षे झाली. आमच्यात ते घडलेले नाही आणि मी तो विषय परत काढलेला नाही. ती मधून मधून स्वतः विचारते, की तुला त्याचा त्रास होतो का, आणि मी खरे काय ते सांगतो. संमतीवर लिहिणारे लोक बहुधा होकार कसा मिळवावा यावर लिहितात, म्हणून मुद्दाम हे लिहिले. मिळालेला नकार नीट जपून ठेवणे हेही याच कामात मोडते.

भिडू:

रानजाई, शब्दाबद्दल एक सुचवतो. आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या अंगात एक सेफवर्ड लहानपणापासून मुरलेला आहे: ‘टाइम प्लीज’. डबा ऐसपैस असो की पकडापकडी, कोणाची चप्पल तुटली, गुडघा खरचटला, आईने गॅलरीतून हाक मारली, की तो ‘टाइम प्लीज’ ओरडायचा, आणि अंगावर धावून येणारा भिडूसुद्धा जागच्या जागी थांबायचा. कारण कोणी विचारत नसे. राज्य असलेल्यालाही तो म्हणता येत असे. तो आठवावा लागत नाही, कारण तो पाठ केलेला नसून वापरलेला आहे. काही जोडपी सिग्नलचे लाल, पिवळा, हिरवा हे रंग वापरतात, तेही चांगले, कारण पिवळ्याने ‘थांबू नको, पण जपून’ असे सांगता येते. तोंडाने बोलता येणार नसेल तर मुठीत किल्ल्यांचा जुडगा धरून ठेवावा, आणि तो फरशीवर पडला की खेळ संपला. मऊ गादीवर पडला तर आवाज होत नाही, म्हणून हात पलंगाच्या कडेबाहेर हवा.

रानजाई:

हा प्रतिसाद माझा नवरा लिहितो आहे, माझ्या शेजारी बसून, मला विचारून.

तिने वर लिहिले आहे की नियम दोघांनीही पाळला होता. ते तिने माझ्यावर माया म्हणून लिहिले आहे. मी त्या रात्री पहिला ‘थांब’ ऐकला तेव्हा आवाज वेगळा आहे, हे माझ्या कानाला कळले होते. ११ वर्षे मी तिचा आवाज ऐकतो आहे. ताप आल्यावरचा, रागावल्यावरचा, झोपेतला, सगळे मला ओळखता येतात. पण ‘पानशेत’ म्हणाली नाही, म्हणजे चालू ठेवायला हरकत नाही, असे मी स्वतःला सांगितले, आणि ठरलेल्या शब्दाच्या आड उभा राहिलो. माझी चूक ती आहे. हे मी तिला त्या रात्री सांगितले नाही. आठवडा गेल्यावर सांगितले, आणि तिने ते ऐकून घ्यायला दोन दिवस मागून घेतले. त्या दिवसांत मला जेवण जात नव्हते. वेदना घेणारा माणूस नंतर खचतो, त्याला पांघरूण, गोड काहीतरी आणि सोबत लागते, हे मी वाचले होते. देणाराही खचतो, हे तेव्हा समजले.

आता आमच्याकडे ‘थांब’ म्हणजे थांब. ‘नको’ म्हणजे नको. खेळात नाटकापुरता नकार हवाच असेल तर त्यासाठी आम्ही वेगळे शब्द ठेवले आहेत, ते इथे लिहीत नाही. ओढणी बंद केली. डॉक्टरांनी सांगितली तशी बोथट कात्री कालनिर्णयाच्या खिळ्यालाच टांगलेली असते, आणि बोटे दाबून बघणे आता सवयीचे झाले आहे. भिडू यांचा शब्द आम्ही दोघांनी काल मोठ्याने म्हणून पाहिला.

गेल्या महिन्यात मीच मध्ये ‘थांब’ म्हणालो होतो. ती फार शांत झाली होती आणि ती शांतता मला ओळखता येत नव्हती. ती वैतागली, कारण तिला काहीच झालेले नव्हते आणि तिला तिथेच राहायचे होते. मी दोरी सोडली, दिवा लावला, तिचे दोन्ही तळवे चोळले. रात्री दीड वाजता आम्ही आले घालून चहा केला, आणि ती मला त्या शांततेबद्दल सांगत राहिली.